मिलिंदाचा प्रश्न आणि शेवटचा बाक

मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचा इतिहास म्हणून जे काही लिहिले गेले आहे, तो बहुतांशी संस्थांचा इतिहास आहे. संस्थापक कोण, कोनशिला कोणी बसविली, इमारत कोणत्या साली उभी राहिली, प्राचार्य कोण कोण झाले, निकाल किती टक्के लागला. रौप्यमहोत्सवी आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका चाळल्या म्हणजे हा इतिहास हाती लागतो. तो खोटा नाही. परंतु त्याच इमारतीत शेवटच्या बाकावर बसलेला विद्यार्थी सकाळी काय खाऊन आला होता, रात्री कोठे झोपला होता, त्याची फी कोणी भरली होती आणि वर्गात एखादा प्रश्न पडला तर तो विचारण्याची त्याची छाती होत होती की नाही, हे त्या स्मरणिकांत कोठेही सापडत नाही.

मी नांदेड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवितो. आजकाल विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी पुष्कळ बोलले जाते. चर्चासत्रे होतात. समुपदेशन कक्षाच्या पाट्या लागतात. मनालाही आजार होतो आणि त्याला डॉक्टर लागतो, हे मी नाकारीत नाही. उलट आमच्या वस्त्यांतून हे अधिक स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे. पण शेवटच्या बाकावरच्या मुलाचे मन हे हवेत तरंगत नसते. ते भाकरीवर, खोलीवर, शिष्यवृत्तीवर आणि वर्गात मिळणाऱ्या वागणुकीवर उभे असते. या चारही गोष्टींना इतिहास आहे. तो इतिहास बाजूला ठेवून विद्यार्थ्याला 'सकारात्मक विचार करा' असे सांगणे म्हणजे पाय बांधलेल्या माणसाला चालण्याचे फायदे समजावून देणे होय. म्हणून हा इतिहास मला जसा उमगला तसा येथे मांडतो आहे. त्यात माझ्याही एका चुकीची नोंद आहे. ती गाळली तर बाकीचे लिहिण्याचा मला अधिकार राहणार नाही.

१

या चार गोष्टींचा हिशेब बाबासाहेबांना ग्रंथांतून शिकावा लागला नव्हता. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले; आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. आजच्या कार्यालयीन भाषेत बोलायचे तर त्या वर्षी बाबासाहेबांचे नाव 'गळती'च्या रकान्यात गेले असते. पुढे बडोद्याला नोकरीसाठी गेले तर राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करून १९२३ मध्ये परतले. जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या मिळविणाऱ्या माणसालाही शिष्यवृत्तीने आणि खोलीने अडविले होते, ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. वसतिगृहाच्या यादीवर सही करताना मात्र विसरतो.

बाबासाहेब विसरले नाहीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारकडून वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद करून घेतली. १९४४ सालची ही गोष्ट आहे. आज ज्याला आपण मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणतो तिचे मूळ तेथे आहे. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग होते. ही व्यवस्था दिसायला साधी वाटते. तिच्यामागचा विचार साधा नाही. महाविद्यालयाच्या वेळापत्रकाप्रमाणे विद्यार्थ्याने आपले पोट बांधून घ्यावे, असे तेथे मानले गेले नाही. विद्यार्थ्याच्या पोटाप्रमाणे वेळापत्रक ठरले.

२

मराठवाड्याची स्थिती मुंबईहून निराळी होती. निजामाच्या राजवटीत आपला सारा मुलूख १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या छायेत होता. शिक्षणाचे माध्यम उर्दू, घरची भाषा मराठी. औरंगाबादला इंटरपर्यंतची सोय होती. पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. ज्याच्या घरी जमीन, वतन किंवा नोकरी होती त्याला ते जमत असे. येसकराच्या, मांगवाड्यातल्या किंवा ढोराच्या घरच्या पोराला हैदराबाद हे बाजेवर पडून पाहायचे स्वप्नसुद्धा नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, तेव्हा उच्च शिक्षणाच्या दृष्टीने आपली पाटी जवळजवळ कोरी होती.

या कोऱ्या पाटीवर १९५० साली दोन अक्षरे उमटली. त्या वर्षी स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. आणि त्याच वर्षी जून महिन्यात बाबासाहेबांनी औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, ज्या महाविद्यालयाचा आरंभ केला त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली.

या नावाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला नेहमी वाटते. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. त्याने भिक्खू नागसेनाला अवघड प्रश्न विचारले आणि नागसेनाने त्यांची उत्तरे दिली, ही 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथाची कथा आहे. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला उत्तरे देणाऱ्या भिक्खूचे नाव दिले नाही. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले. उत्तरे देणाऱ्याचे नाव भोवतालच्या परिसराला मिळाले, तो नागसेनवन झाला. ज्या समाजाला हजारो वर्षे 'विचारायचे नाही' एवढेच शिकविले होते, त्या समाजाच्या मुलांसाठी उभारलेल्या विद्यालयाचे नावच प्रश्नकर्त्याचे असावे, यात शिक्षणाची एक संपूर्ण दृष्टी आहे.

आणि ही दृष्टी नावापुरती नव्हती. महाविद्यालयाबरोबर वसतिगृह होते, वसतिगृहाबरोबर जेवण होते. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि ते मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी रंगभूमीवर आणले. खेड्यातून आलेला, चारचौघांत तोंड उघडायला घाबरणारा मुलगा हजार माणसांसमोर उभा राहून आपल्याच समाजाचा इतिहास बोलू लागला. आज ज्याला आत्मविश्वास वाढविण्याचे उपक्रम म्हणतात त्यांची गरज तेथे वेगळी भासली नसावी. पुढे प्राचार्य म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी तेथल्या काळ्या लेखकांच्या विद्रोहाची ओळख येथे करून दिली. गंगाधर पानतावणे याच परिसरात शिकवीत होते. दलित साहित्याची चळवळ नागसेनवनातून वाढली ती अपघाताने नव्हे. पोटात भाकरी, डोक्यावर छप्पर, हाताशी ग्रंथ आणि समोर प्रश्न ऐकून घेणारा शिक्षक, या चार गोष्टी एका ठिकाणी आल्या आणि त्यांतून एक पिढी बोलती झाली.

मी मिलिंदचे देव्हारे माजवू इच्छित नाही. तेथेही हाल होते, आजही आहेत. धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्यांच्या सवलतींचा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्र राज्याने १९६० साली त्यांना राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० साल उजाडावे लागले. धम्म स्वीकारल्याची किंमत तीस वर्षे विद्यार्थ्यांनी मोजली. तरीही शिक्षण म्हणजे केवळ तासिका नव्हे, हे मिलिंदने दाखवून दिले होते.

३

१९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९६१ मध्ये लातूरला दयानंद महाविद्यालय आले, १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचे अध्यापक; अमेरिकन निग्रोंच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला. म्हणजे नागसेनवनात जो विचार चालला होता त्याचा एक धागा लातूरपर्यंत पोहोचला होता. तालुक्याच्या गावी महाविद्यालये निघू लागली. शेतमजुराची पोरे, सालगड्याची पोरे बी.ए. होऊ लागली. सत्तरच्या दशकात एकाच बाकावर पाटलाचा मुलगा आणि येसकराचा मुलगा बसला. दोघांनाही नोकरी हवी होती आणि नोकऱ्या थोड्या होत्या. १९७४ साली मराठवाड्याच्या विकासासाठी विद्यार्थ्यांचे आंदोलन झाले, वसमतला गोळीबार झाला, विद्यार्थ्यांचे बळी गेले. ते दु:ख साऱ्या मराठवाड्याचे होते.

पण चार वर्षांनी काय झाले? २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला आणि शेकडो गावांतील दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जळाली, माणसे रानात लपली. नांदेड जिल्ह्याला त्याची सर्वांत मोठी झळ लागली. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळण्यात आले.

या दंगलीचे राजकीय विश्लेषण पुष्कळ झाले आहे. शिक्षक म्हणून मला त्यातली वेगळी गोष्ट सलते. हा हिंसाचार विद्यापीठाच्या नावावरून झाला. जमिनीचा बांध नव्हता, पाणवठा नव्हता. पदवीच्या कागदावर कोणाचे नाव छापायचे, हा प्रश्न होता. आणि नामांतराच्या बाजूने विद्यार्थी होते तसे विरोधातही विद्यार्थीच होते. कालपर्यंत ज्याची वही आणून धडा उतरवून घेतला, तो आज समोरच्या मोर्चात. खेड्यातल्या आईबापांनी आपल्या मुलांचे महाविद्यालय सोडविले असेल तर त्यांना दोष कोणी द्यावा? शिकलेला मुलगा हा अभिमानाचा विषय होता, तो एका रात्रीत वस्तीवर संकट आणणारा ठरला. 'तू शिकलास म्हणून आपले घर जळाले' हे ओझे घेऊन जो मुलगा परीक्षेला बसला असेल, त्याच्या मानसिक स्वास्थ्याची नोंद कोणत्या कक्षाने ठेवली?

सोळा वर्षे हा लढा चालला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मबलिदान केले. त्याच्या दोनच महिने आधी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावे जमीनदोस्त झाली होती. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी हे जिल्हे त्याच्याकडे गेले. पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे.

स्वामीजींविषयी आणि या विद्यापीठाविषयी माझ्या मनात आदर आहे. माझी पदवी याच विद्यापीठाची आहे. विद्यापीठ जवळ आले, खेड्यातल्या मुलाचा दीडशे-दोनशे मैलांचा हेलपाटा वाचला, हेही खरे. पण इतिहासाचा शिक्षक म्हणून एक गोष्ट नोंदवावीच लागते. ज्या जिल्ह्यात पोचिराम जळाले, ज्या शहरात गौतम वाघमारे यांनी देह ठेवला, त्या जिल्ह्यातल्या मुलाच्या पदवीवर ते नाव आलेच नाही. नामांतर झाले त्याच वर्षी आमचे विद्यापीठ बदलले. दरवर्षी १४ जानेवारीला आमची मुले गाडी करून तिकडच्या विद्यापीठाच्या कमानीपाशी माथा टेकवायला जातात. मी वर्गात हे सांगतो तेव्हा काही क्षण कोणी बोलत नाही.

४

नव्वदच्या दशकात लातूरने महाराष्ट्राला आणखी एक शब्द दिला : लातूर पॅटर्न. पहाटेपासून अभ्यास, जादा तास, चाचणीवर चाचणी, चुकलेल्या प्रश्नाची पुन्हा तयारी. शाहू महाविद्यालयाने आणि पाठोपाठ इतरांनी हे केले आणि बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे झळकू लागली. पुण्या-मुंबईला जे जमते ते दुष्काळी भागातल्या पोरांना जमत नाही, हा समज शिक्षकांनी अंग मोडून काम करून खोडून काढला. त्या यादीत शेतकऱ्यांची मुले होती, दलितांची मुलेही होती. या कामगिरीला कमी लेखणे हा कृतघ्नपणा होईल.

पण यशाचा बाजार व्हायला वेळ लागत नाही. आज लातूरच्या उद्योग भवन परिसरात किंवा नांदेडच्या भाग्यनगर, श्यामनगर, बाबानगरात फेरी मारा. शिकवणीचे फलक, फलकांवर गुण, गुणांखाली हसरे चेहरे. त्या फलकांच्या मागे खोल्यांची रांग आहे. दहा बाय दहाच्या खोलीत तिघे-चौघे, डब्याची पिशवी खिळ्याला, भिंतीवर वेळापत्रक. फलकावर न आलेल्या मुलांची संख्या कोणी छापत नाही. दोन एकर विकून आलेल्या बापाला तोंड कसे दाखवायचे, हा विचार करीत ती मुले शेवटी कला शाखेत आमच्याकडे येतात. आमच्या वर्गात बसलेली निम्मी मुले मनाने हरून आलेली असतात, आणि ती हरली कोणाकडून हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मिलिंदचा पाया प्रश्नावर होता; या बाजाराचा पाया चार पर्यायांतून एक उत्तर निवडण्यावर आहे. तेथे प्रश्न विचारणारा कायम दुसराच कोणी असतो.

दलित विद्यार्थ्याला या खोलीसाठी आणखी एक परीक्षा द्यावी लागते. घरमालक आधी आडनाव विचारतो. समाजकल्याणाच्या वसतिगृहात जागा मर्यादित आहेत. ज्यांना तेथे प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी राज्याने २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाने स्वाधार योजना आणली. योजना चांगली आहे. पण घरभाडे दरमहा द्यावे लागते आणि योजनेचा पैसा मागाहून येतो. मधल्या महिन्यांचे काय? त्या महिन्यांत मुलगा मंगल कार्यालयात वाढपी होतो, कापडाच्या दुकानात उभा राहतो, रात्री मालगाड्यांवर हमाली करतो. दसरा सरला की मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोटच्या वस्त्यांतून कोयते बांधून टोळ्या कारखान्यांकडे निघतात. पाठच्या भावंडांना सांभाळायला घरी मोठी बहीण राहते. तिचे नाव आमच्या हजेरीपटावर असते. त्याच सुमारास आमची सत्र परीक्षा येते.

५

आता माझ्या चुकीविषयी.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा तासिका तत्त्वावर होतो. तासिका तत्त्व म्हणजे काय ते आमच्या पिढीच्या शिक्षकांना सांगायला नको. पदव्या सगळ्या, नेट-सेट झालेले, पगार तासाच्या हिशेबाने, तोही उशिरा. उन्हाळ्यात काही नाही. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आणि त्यांवर आमच्यासारखे बिगारी. हे मी सबब म्हणून सांगत नाही. ज्याच्या स्वत:च्या पायाखाली जमीन नाही तो दुसऱ्याला काय धरणार, एवढेच दाखवितो.

द्वितीय वर्षाच्या वर्गात एक मुलगा शेवटच्या बाकावर बसत असे. आठवड्यातून दोन दिवस यायचा, आला की डुलकी घ्यायचा. एके दिवशी मी मिलिंद महाविद्यालयाचाच इतिहास शिकवीत होतो. तो झोपला होता. मी त्याला उभे केले. काही विचारायचे आहे का, म्हणालो. तो काहीतरी बोलायला गेला, पण मी थांबलो नाही. बाबासाहेबांनी तुमच्यासाठी काय केले आणि तुम्ही काय करता, असे म्हणालो. शिकायचे नसेल तर दुसऱ्याची जागा अडवू नका, हेही म्हणालो. वर्ग हसला नाही. तो मुलगा खाली मान घालून बसला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. महिनाभराने मी त्याच्या नावापुढे गैरहजेरीची रेघ ओढली आणि तो विषय माझ्यापुरता संपला.

ते शब्द माझे नव्हते, हे मला नंतर कळले. मी स्वत: विद्यार्थी असताना एका शिक्षकांनी शिष्यवृत्तीवाल्यांना वर्गात वेगळे उभे करून हेच ऐकविले होते : सरकारचे खाता आणि जागा अडविता. मी त्या वाक्यावर फक्त बाबासाहेबांचे नाव चिकटविले होते. घरातला पहिला पदवीधर झालो, व्यासपीठावर चढलो, आणि ज्या भाषेने मला मारले तीच माझ्या तोंडातून निघाली.

पुढे पाचसहा महिन्यांनी नांदेडच्या वजिराबादेत एका दुकानात तो मला दिसला. थानाच्या घड्या घालीत होता. मला पाहून खाली उतरला, पाया पडू लागला. मी त्याला धरले. विचारले, का सोडलेस? तो म्हणाला, "तुमचं बरोबरच होतं सर. रात्री कार्यालयात वाढायला जायचो, झोप यायची." मग जरा थांबून म्हणाला, "त्या दिवशी मला फक्त परीक्षेच्या फॉर्मची तारीख वाढली का तेवढं विचारायचं होतं. शिष्यवृत्ती अडकलेली होती. आफिसात बोलू देत नव्हते. पण तुम्ही चिडलेले होते."

तारीख वाढलेली होती. मला ती ठाऊक होती.

एका प्रश्नासाठी एक वर्ष गेले. तो प्रश्न इतिहासाचा नव्हता, तत्त्वज्ञानाचा नव्हता. आणि मी त्या वेळी वर्गात मिलिंदाची गोष्ट सांगत होतो.

६

या प्रसंगानंतर मी वर्तमानपत्रातल्या बातम्या निराळ्या नजरेने वाचू लागलो. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. त्याआधी कित्येक महिने त्याची विद्यावृत्ती थांबलेली होती आणि चार सहकाऱ्यांसह त्याला वसतिगृहातून काढले होते. १९१७ च्या बाबासाहेबांपुढचे तेच दोन प्रश्न : पैसा आणि खोली. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. जातीवरून छळ झाल्याची तक्रार तिच्या आईने केली. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन माता सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आपल्याकडे १५ डिसेंबर २०२४ रोजी परभणीत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला; संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यानंतरच्या आंदोलनात त्याला अटक झाली होती. ही बातमी आली त्या आठवड्यात आमच्या वर्गातली मुले पुस्तक उघडून बसली होती, पण कोणी वाचत नव्हते.

सरकारदरबारी काही झालेच नाही असे नाही. दिल्लीच्या एम्समधील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या छळाची चौकशी सुखदेव थोरात समितीने केली; २००७ च्या तिच्या अहवालाने वसतिगृहापासून परीक्षेपर्यंतचा भेदभाव उघड केला. हे थोरात मूळचे मिलिंदचे विद्यार्थी, हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो. २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने भेदभाव रोखण्यासाठी नियम केले. केंद्राने २०२० च्या अखेरीस मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा साठ टक्के वाटा उचलण्याचे ठरविले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणातील विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर राष्ट्रीय कृतिदल नेमले. पण कागद आणि बाक यांच्यामध्ये आपण शिक्षक उभे आहोत. मूल्यांकन समिती यायच्या आदल्या रात्री चाळीस विद्यार्थ्यांच्या नावापुढे 'समुपदेशन केले' असे एकाच पेनाने मी स्वत: लिहिले आहे. त्या वहीत गेलेल्या मुलाचेही नाव होते.

म्हणून मला काय वाटते ते सांगतो.

पहिली गोष्ट, शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला आहे की नाही हे पाहणे हे शिक्षकाचे काम आहे. ते फक्त कारकुनाचे नाही. बँकेचे खाते आधारला जोडलेले नाही, दाखल्यावरचे नाव जुळत नाही, एवढ्याशा कारणाने वर्ष बुडते. महिन्यातून एक तास आम्ही दोघे-तिघे शिक्षक मुलांना घेऊन हे अर्ज तपासतो. दुसरी, गैरहजेरीची तिसरी रेघ ओढण्यापूर्वी त्या मुलाच्या घरी किंवा खोलीवर निरोप गेला पाहिजे. तिसरी, सिद्धार्थ महाविद्यालयाने १९४६ साली जे केले ते आपण आज का करू नये? ऊसतोडीच्या हंगामाचा आणि शेवटच्या एसटीचा विचार करून तास का लावू नयेत? चौथी, ज्याला खरोखरच वैद्यकीय उपचारांची गरज आहे त्याला जिल्हा रुग्णालयापर्यंत सोबत न्यावे. 'वेड लागले' म्हणून गावात बभ्रा होऊ देऊ नये. पाचवी, आमच्यातल्या आमच्यात पाहिले पाहिजे. बौद्ध, मातंग, चर्मकार, लमाण, वडार अशा मुलांच्या टोळक्या वसतिगृहात वेगवेगळ्या जेवतात. ज्याला घरमालकाने आडनाव विचारले तोच खोलीत आल्यावर दुसऱ्याला आडनाव विचारतो. याला उत्तर दुसरे कोणी देणार नाही.

आणि शिक्षकांना तासावर राबवून विद्यार्थ्यांचे मन सांभाळा असे सांगणाऱ्या शासनालाही जाब विचारला पाहिजे. रिकाम्या जागा भरा ही मागणी शिक्षकांच्या पोटाची आहे तशी विद्यार्थ्यांच्या मनाचीही आहे. दरवर्षी बदलणाऱ्या शिक्षकाला कोणता मुलगा आपले दु:ख सांगेल?

तो मुलगा आता मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतो आहे. दुकानातली नोकरी चालू आहे. तो पुढे काय होईल ते मला सांगता येणार नाही, आणि त्याच्या यशावर माझ्या चुकीची वजाबाकी करण्याचा मला हक्क नाही. मी एवढेच करू लागलो आहे की तास संपल्यावर लगेच वर्गाबाहेर पडत नाही. डस्टर ठेवतो, खिडकीपाशी उभा राहतो. पहिले काही आठवडे कोणी आले नाही. नंतर एक मुलगी आली. तिला उदगीरच्या गाडीची वेळ विचारायची होती. मी सांगितली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली.